कृपया दुर्लक्ष करावे

सरकार नामक संस्थेने प्रजेला उद्देशून आजवर जे हुकूम, जाहीरनामे, परिपत्रके आणि नोटिसा काढल्या, त्या सर्वांचा एकच आग्रह असे की प्रजेने त्या लक्षपूर्वक वाचाव्यात, मुदतीच्या आत त्यांची तामिली करावी आणि कसूर झाल्यास होणाऱ्या परिणामांस आपणच जबाबदार राहू हे ध्यानी ठेवावे. आणि प्रजेनेही आपल्या परीने, म्हणजे त्या न वाचता, हा व्यवहार पिढ्यानपिढ्या सुरळीत चालू ठेवला होता. अशा स्थितीत २०२३ सालच्या पावसाळ्यात भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने ठिकठिकाणच्या नागरिकांच्या खिशातले फोन एकाच क्षणी किंचाळायला लावून, हा केवळ चाचणीचा संदेश आहे, आपल्याकडून कोणतीही कृती अपेक्षित नाही, सबब याकडे कृपया दुर्लक्ष करावे, अशा आशयाचा मजकूर पाठवला, तेव्हा राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यात प्रथमच संपूर्ण मतैक्य घडून आले असे म्हणावयास हरकत नाही. फर्मान सुटल्याबरोबर त्याची सोळा आणे तामिली झाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या हिंगोली जिल्ह्याच्या इतिहासात तरी नाही. आणि परभणीतून फुटून हा जिल्हा १ मे १९९९ रोजी जन्मास आला असल्यामुळे त्याचा इतिहास तपासून पाहणे फारसे कष्टाचेही नाही.

त्या वर्षी झालेल्या अनेक चाचण्यांपैकी एकीच्या वेळी मी हिंगोलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानापुढे उभा होतो. बीट चालू होते. बीट चालू असताना मोंढ्यात जी एक गंभीर शांतता असते, तिची बरोबरी फक्त न्यायालयात निकाल वाचला जात असतानाच्या शांततेशी होईल. खरेदीदार पोत्यात हात घालून मूठभर कांडी वर काढतो, त्यातली एक मोडून आतला रंग पाहतो, मोडताना झालेला आवाज ऐकतो, आणि चेहऱ्यावर पराकोटीची निराशा आणून एक आकडा पुटपुटतो. तो आकडा ऐकून शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात तेही तितकेच सरावाचे असतात. अशा मोक्याच्या घटकेला एका अडत्याच्या बंडीच्या खिशातून असा काही कर्कश नाद उठला की पोत्यांच्या थप्पीवर झोपलेला हमाल उठून बसला. पाठोपाठ मापाऱ्याचा फोन, त्यामागून दोन खरेदीदारांचे, मग काट्याजवळ उभ्या असलेल्या एका तरुणाचा. खरेदीदाराच्या बोटांत अर्धवट मोडलेली कांडी तशीच राहिली. बोली थांबली. सर्वांनी आपापले फोन काढले, आणि पिवळ्या हातांनी पिवळे झालेले पडदे धोतराच्या सोग्याने पुसून जो तो वाचू लागला.

"काय म्हनतंय?" ज्यांचा फोन वाजला नव्हता अशा एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले.

"दुर्लक्ष करा म्हनतंय, आबा."

आबांनी क्षणभर विचार केला. "मंग वाजवलं कामून?"

आपत्ती व्यवस्थापनाच्या शास्त्रावर यापेक्षा मूलगामी प्रश्न कोणा विद्वानाने उपस्थित केल्याचे माझ्या वाचनात नाही. तेथे जमलेल्यांपैकी कोणालाही त्याचे उत्तर देता आले नाही, आणि चर्चा लगोलग दुसऱ्या, अधिक जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळली : कोणाचा वाजला आणि कोणाचा वाजला नाही. ज्यांचा वाजला ते प्रारंभी घाबरले होते, पण वाजणे हा एक मान आहे असे ध्यानात येताच त्यांच्या बोलण्याला निराळीच ऐट आली; ज्यांचा वाजला नाही ते, सरकारने आणखी एका यादीतून आपले नाव गाळले, या जुन्याच दुःखात पडले. एकाने दुसऱ्याला, तुझे रिचार्ज संपले असेल, असे सुनावले. हे सर्वस्वी असत्य होते, परंतु ते असत्य का हे सांगण्यासाठी थोडे यंत्रशास्त्रात शिरावे लागेल.

हा इशारा नेहमीच्या लघुसंदेशाच्या जातीचा नाही. लघुसंदेश एकेका क्रमांकाचा माग काढीत जातो, आणि संकटाच्या वेळी, जेव्हा सारा तालुका एकाच वेळी एकमेकांना फोन लावीत असतो, तेव्हा तो वाटेतच कुठेतरी खोळंबून संकट ओसरल्यावर पोहोचतो. नव्या पद्धतीत मोबाइलचा मनोरा आपल्या टापूतील सर्व फोनांना उद्देशून एकदाच ललकारी देतो. त्याला कोणाचा क्रमांक ठाऊक असण्याचे कारण नाही, खात्यात पैसे आहेत की नाहीत याची तो चौकशी करीत नाही, आणि वर्दळीच्या गर्दीत तो अडकतही नाही. हिंगोलीच्या मनोऱ्याखाली उभा असलेला पाहुणा, मग तो बिदरचा असो वा बस्तीचा, त्या घटकेपुरता हिंगोलीकर ठरतो. मात्र चाचण्या कधी एका कंपनीच्या जाळ्यावर, कधी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर होत असल्याने एकाच पोत्यापाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचा फोन वाजे आणि दुसऱ्याचा मुका राही. फोन जुना असेल किंवा त्यात इशाऱ्याची कळ बंद करून ठेवलेली असेल तरीही तेच. ही सर्व यंत्रणा 'सी-डॉट' या १९८४ साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने उभारली. म्हणजे ज्या संस्थेने एके काळी खेडोपाडी टेलिफोनची स्वयंचलित एक्स्चेंजे पोहोचवून गावकऱ्यांना बोलते केले, तिनेच आता त्यांना दचकवण्याचे कामही अंगावर घेतले आहे.

या पद्धतीत एकच गोष्ट अशी आहे की जी कोणत्याही मुरलेल्या कारकुनाच्या काळजाला घरे पाडील : तिला पोच नाही. इशारा कोणाकोणाला मिळाला याची नोंद मनोऱ्यापाशी राहत नाही. साध्या सूचनापत्रालादेखील दोन प्रतींत सही घेऊन एक प्रत दप्तरी दाखल करणाऱ्या राज्यव्यवस्थेने, ज्याची पोच नाही, जावक क्रमांक नागरिकास दिसत नाही आणि ज्यावर शेरा मारण्यास समास नाही असा खलिता कोट्यवधी लोकांना धाडावा, यातच काळ किती बदलला ते समजून येते. आधुनिकीकरण म्हणजे काय असे मला कोणी विचारले तर मी पोचेच्या या लोपाकडे बोट दाखवीन.

आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, आणि त्या काळी ज्याला सरकारी इशारा म्हणत तो मुनादीच्या रूपाने येई. कोतवाल हलगी वाजवीत चावडीपासून वेशीपर्यंत जाई आणि प्रत्येक पारापाशी थांबून आपला मजकूर मोठ्याने सांगे. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत मागास खरी. परंतु तिच्यात एक असा गुण होता की जो आजच्या कोणत्याही मनोऱ्यात नाही. कोतवालाला थांबवून प्रश्न विचारता येत असे. पूर येणार म्हणजे किती येणार, तलाठी खरेच तसे म्हणाला की तू आपल्या पदरचे घालतोस, आणि गुरे आधी हलवावीत की दाणे, या सर्व प्रश्नांची त्याच्यापाशी उत्तरे असत. ती बहुधा चुकीची असत, पण असत. शिवाय पूर आलाच नाही तर दुसऱ्या दिवशी त्याला पारावर बसवून जाबही विचारता येई. हल्लीच्या सरकारने कोतवालाचे नामकरण महसूल सेवक असे करून त्याची प्रतिष्ठा वाढवली आहे. हलगीचे पुढे काय झाले याचा तपशील मात्र शासन निर्णयात आढळत नाही.

मुनादीच्या जोडीला तार होती. तारेचा शिपाई सायकलवरून गल्लीत शिरला की पाकीट कोणाचे हे कळण्याच्या आधीच चार घरांत रडणे सुरू होई, आणि पाकीट फोडून, नोकरीत रुजू झालो, एवढाच मजकूर निघाला तरी ते आवरायला वेळ लागे. मजकूर न वाचता लोकांना पूर्ण सावध करणारी याहून परिणामकारक यंत्रणा मानवजातीने अद्याप निर्माण केलेली नाही. २०१३ च्या जुलै महिन्यात तारसेवा कायमची बंद झाली, आणि बरोबर दहा वर्षांनी, २०२३ च्या जुलै महिन्यात, फोनवरचा इशारा किंचाळला. पहिली वस्तू उघडण्याआधी लोक रडत. दुसरी वाचण्याआधी 'ओके'चे बटण दाबून मोकळे होतात.

आता कोणी म्हणेल की हिंगोलीसारख्या आडबाजूच्या जिल्ह्याला इशाऱ्यांचे एवढे अप्रूप कशाला. त्याने एकदा वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे येथे, किंवा औंढा तालुक्यातील पिंपळदरीच्या बाजूला, पावसाळा ओसरता ओसरता मुक्कामास यावे. या गावांना गेली कित्येक वर्षे प्रत्यक्ष धरणीमातेकडूनच इशारे मिळत आहेत. जेवणे उरकून माणसे निजावयाच्या तयारीत असतात, आणि जमिनीच्या पोटातून दूरवर ढग गडगडल्यासारखा आवाज निघतो; फळीवरची भांडी किणकिणतात, कुत्री एकदम भुंकू लागतात आणि गाव अंथरुणासकट अंगणात येते. वर्तमानपत्रांनी त्याला 'गूढ आवाज' असे नाव दिले असून ते आता इतके रूढ झाले आहे की गावकरीही एकमेकांना, काल गूढ आवाज झाला का, असे अत्यंत अगूढ स्वरात विचारतात. भूशास्त्राचे जाणकार सांगतात की काळ्या पाषाणाच्या भेगांतून पावसाचे पाणी खोल मुरते, तेथील ताण ढळतो, आणि फार खोल नसलेले बारीक धक्के असा आवाज करतात. हे उत्तर शास्त्रशुद्ध असेल, पण रात्री अकरा वाजता अंगणात उभ्या असलेल्या माणसाला ते पुरत नाही. त्याला एवढेच हवे असते की आता आत जाऊन निजावे की नाही. त्यावर दुसऱ्या दिवशी प्रशासनाकडून जे पत्रक निघते त्यात, नागरिकांनी घाबरून जाऊ नये व अफवांवर विश्वास ठेवू नये, ही दोन वाक्ये असतात. ती वाचून कोणाची भीती गेल्याचे मी पाहिलेले नाही, परंतु ती नसली तर मात्र माणसे खरोखरच घाबरतील.

या गावांची भीती पोकळ नाही, आणि विनोदाच्या भरात मला ती तशी भासवायची नाही. किल्लारीच्या परिसरालाही १९९२ साली बारीकसारीक धक्के जाणवले होते. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, मराठवाड्याची हजारो माणसे मातीच्या आणि दगडाच्या भिंतींखाली गेली. तेव्हापासून आमच्याकडे जमीन गुरगुरली की म्हातारी माणसे लातूरच्या दिशेला पाहतात.

आमच्या जिल्ह्याचे खरे परीक्षण २०२४ साली दोनदा झाले, आणि दोन्ही वेळा परीक्षा यंत्रणेची नसून माणसांची होती. २१ मार्चच्या सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा; पुन्हा १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५. दोन्ही वेळा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्याच्या बाजूला निघाला. दोन मिनिटांत सबंध जिल्हा रस्त्यावर होता, आणि पाचव्या मिनिटाला प्रत्येक जण कानाला फोन लावून नांदेडच्या, परभणीच्या, वाशिमच्या पाहुण्याला एकच प्रश्न विचारीत होता : "तुमच्याकडं बी हाललं का?" हा प्रश्न विचारणे ही भूकंपोत्तर पहिली कृती असल्याचे कोणत्याही आपत्ती आराखड्यात लिहिलेले नाही, परंतु तिच्याशिवाय भूकंप पुरा झाला असे आमच्याकडे कोणी मानीत नाही. नांदेडच्या एका आप्ताने, आमच्याकडे फारच जोरात झाला, असे सांगितले तेव्हा कळमनुरीच्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता; केंद्रबिंदू आपला असताना वर्णनाचा मान दुसऱ्या जिल्ह्याने घ्यावा, हे त्याला सहन होईना. एरवी ज्या जिल्ह्याचे नाव काढताच पुण्या-मुंबईकडील मंडळी, तो नेमका कुठे येतो, असे विचारतात, त्याचा नकाशा त्या दिवशी दूरदर्शनच्या सर्व वाहिन्यांवर लाल वर्तुळासह झळकला, ही गोष्ट अनेकांनी भीतीच्या जोडीने, पण आवर्जून, मनात नोंदवून ठेवली.

भूकंप आगाऊ सांगता येत नाही, हे सर्व शास्त्रज्ञ एकमुखाने सांगतात. धक्का बसल्यावर त्याच्या लाटा दूरच्या गावी पोहोचण्यापूर्वी काही सेकंदांची सूचना देता येते एवढेच. म्हणजे केंद्रबिंदूवर बसलेल्या कळमनुरीकराला त्याचा लाभ शून्य, आणि लाभ झालाच तर पुन्हा नांदेडच्या त्याच आप्ताला. अँड्रॉइड फोनांत सप्टेंबर २०२३ पासून भारतासाठी अशी सोय आली आहे : टेबलावर निवांत पडलेले हजारो फोन एकदम थरथरले की दूरचा संगणक त्यावरून अनुमान बांधतो आणि ४.५ व त्यावरील तीव्रतेचा धक्का असल्यास इशारा सोडतो. आमचे दोन्ही धक्के बरोबर त्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिलेले. जिल्हा म्हणून आम्ही उत्तीर्ण होतो ते नेहमी काठावरच.

आणि दैवदुर्विलास असा की याच औंढा तालुक्यात, नागनाथाच्या सान्निध्यात (ज्योतिर्लिंगाच्या या मानावर द्वारकेकडील मंडळींचाही दावा आहे, त्या दाव्याचा निकाल येथे नको), 'लायगो-इंडिया' नामक वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेले हे यंत्र अणुगर्भातील प्रोटॉनच्याही अत्यल्प अंशाएवढी हालचाल टिपणार आहे. याच कुळातील अमेरिकेतल्या यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर झालेल्या दोन कृष्णविवरांच्या टकरीचा कंप ऐकला होता. तेव्हा लवकरच अशी स्थिती येईल की विश्वाच्या दुसऱ्या टोकाला काही आदळले तर औंढ्याला तत्काळ कळेल, आणि पिंपळदरीला काल रात्री नेमके काय झाले यासाठी तलाठ्याच्या अहवालाची वाट पाहावी लागेल. मी हे तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. कृष्णविवरांच्या बाबतीत अफवांवर विश्वास ठेवण्याचा प्रसंग येत नाही, एवढाच भेद नोंदवतो.

आमच्या मागासलेपणाची आणखी एक रुजवात ७ मे २०२५ रोजी पडली. त्या दिवशी देशात हवाई हल्ल्याच्या संरक्षणाची रंगीत तालीम ठरली. भोंगे वाजावयाचे, दिवे मालवावयाचे, माणसांनी आडोशाला जावयाचे. महाराष्ट्रात त्यासाठी जी सोळा ठिकाणे जाहीर झाली त्यांत मुंबई, पुणे, नाशिक, तारापूर, उरण, मनमाड, सिन्नर, भुसावळ अशी नावे होती, कोकण किनारा होता, आणि साऱ्या मराठवाड्याच्या वाट्याला एकटे छत्रपती संभाजीनगर. हिंगोलीचे नाव नव्हते. सिंचनाचा, रस्त्यांचा, रेल्वेचा अनुशेष आम्ही वर्षानुवर्षे मांडीत आलो. परंतु आकाशातून पडणाऱ्या बाँबच्या बाबतीतही मराठवाड्याचा अनुशेष शिल्लक राहावा, आणि शत्रूच्या हिशेबातसुद्धा आमची गणना विकसनशील भागात व्हावी, हे त्या दिवशी चहाच्या टपरीवर बसलेल्या काही जाणत्या मंडळींच्या जिव्हारी लागले. भोंगाच नाही म्हणून त्यांनी आपापल्या घरी जाऊन दिवे मालवले असते, पण ते आधीच गेलेले होते.

इतर देशांत हा कारभार चोख असेल अशी आपली एक भाबडी समजूत असते. अमेरिकेत २० फेब्रुवारी १९७१ रोजी, दर शनिवारी सकाळी व्हावयाच्या चाचणीच्या वेळी, एका कर्मचाऱ्याने चुकून खऱ्या राष्ट्रीय आणीबाणीची फीत चालवली. सांकेतिक शब्दासह अस्सल इशारा देशभरातील नभोवाणी केंद्रांना गेला, आणि तो मागे घेण्यासाठी योग्य सांकेतिक शब्द सापडेपर्यंत सुमारे चाळीस मिनिटे लोटली. त्या चाळीस मिनिटांत बहुसंख्य केंद्रांनी काय केले? गाणी चालू ठेवली. आमच्या हळद बाजाराने जे धोरण २०२३ साली स्वीकारले, ते तिथे अर्धशतक आधीच रूढ झालेले होते. पुढे १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर, क्षेपणास्त्र येत आहे, ही तालीम नव्हे, असा इशारा चुकून सर्व फोनांवर गेला. तो खोटा असल्याचा संदेश त्याच मार्गाने धाडायला अडतीस मिनिटे लागली, आणि तेथील गव्हर्नरांना मध्यंतरी जनतेला धीर देता आला नाही याचे एक कारण असे की ट्विटरवरील आपल्या खात्यात शिरण्याचा परवलीचा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. फ्लोरिडा राज्याने तर २० एप्रिल २०२३ रोजी पहाटे पावणेपाचला सर्वांना उठवून, ही केवळ चाचणी आहे, असे कळवले, आणि लोकांचा संताप पाहून ज्या कंपनीकडे ते काम होते तिचा मक्ता रद्द केला. पहाटे पावणेपाचला जागे होणे ही आमच्याकडे आपत्ती मानली जात नाही. नळाला पाणी त्याच सुमारास येते.

परंतु एका सकाळचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसे चिखलातून चढून ढिगारा उपसत असताना, महाराष्ट्रातील पुष्कळांच्या फोनांवर चाचणीचा तो इशारा वाजला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते. तेव्हा यंत्रणा आदल्या रात्री सर्वार्थाने सज्ज असती तरी तिने कोणाला जागे केले असते, हा प्रश्न राहतोच. मनोरा ललकारी देतो ती कोणीतरी सांगितल्यावर. सांगणाऱ्याला ठाऊक हवे, आणि त्याला ते जवळच्या माणसाने कळवलेले हवे, ही जुनी कोतवालाची अट नव्या यंत्रातही कायम आहे.

आमच्याकडे तसे इशारे हल्ली उदंड येतात. 'सचेत' या नावाच्या यंत्रणेतून हवामान खाते, जलसंपदा खाते आणि आपत्ती प्राधिकरण यांचे संदेश मराठीत उतरतात. पुढील तीन तासांत मेघगर्जनेसह पाऊस, ताशी इतक्या वेगाचे वारे, वीज चमकताना झाडाखाली थांबू नये. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना सतर्क राहण्यास सांगितले जाते, पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाचे उघडले की त्या काठच्यांना. २०२२ च्या जुलैत वसमत तालुक्यातील कुरुंद्यात पाणी शिरले, तेव्हापासून तिकडची माणसे पावसाचा संदेश दोनदा वाचतात. बाकीची एकदाही नाही, कारण तीन तासांच्या पावसाचा संदेश दिवसातून तीनदा येतो आणि पाऊस आठवड्यातून एकदा.

या सर्व इशाऱ्यांची गाठ अखेर एका ठिकाणी पडते, ते म्हणजे पत्र्यावरचा दगड. आमच्या गावांतून पत्र्याची घरे पुष्कळ, आणि पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवण्याची वहिवाट जुनी. २०२४ च्या मार्चमधील धक्क्यानंतर प्रशासनाने आवाहन केले की पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत, धक्क्याने ते अंगावर पडतील. आवाहन अत्यंत रास्त होते, आणि ज्यांनी ते मानले त्यांनी शिडी लावून दगड उतरवून ओट्यालगत रचले. त्यानंतर वळवाचे दिवस आले, आणि फोनवर वादळी वाऱ्याचा इशारा उतरला. घरधन्याने शिडी पुन्हा लावली. दगड वर गेले. जुलैमध्ये पुन्हा धक्का बसला. या घरधन्याला मी स्वतः विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सायेब, जमीन म्हनते खाली ठेव, वारं म्हनते वर ठेव. दोघांनी मिळून एक कागद द्यावा, मी सही करतो." त्याच्या पत्नीने आतूनच सांगितले की कागद येईपर्यंत निदान पाळण्यावरचा दगड तरी काढा, आणि सर्व खात्यांच्या संयुक्त बैठकीने जो निर्णय केला असता, तो असा परस्परच झाला. त्याने निमूट शिडी लावली.

तेव्हा वाचकांना विनंती इतकीच. पुढच्या खेपेस फोन किंचाळला तर बटण दाबण्यापूर्वी दोन ओळी वाचून घ्या, आणि शेजाऱ्याचा वाजला नसेल तर त्याला मोठ्याने वाचून दाखवा. आणि पत्र्यावर दगड असतील तर ते उतरवून पत्रे हूक आणि बोल्टने आवळून घ्या. हूक कोणत्याही लोखंडाच्या दुकानात मिळतात, आणि ते भूकंपालाही चालतात, वाऱ्यालाही.